दोन बाजू, दोन कहाण्या: गुप्त वाटाघाटींवरची साधनं तोलायची कशी?

पेट झाली, गाईड मिळाले, विषयही जवळपास ठरला. मग वाचन सुरू होतं आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक अडचण हमखास येते. एकाच घटनेबद्दल दोन साधनं एकमेकांच्या अगदी उलट सांगतात. दोन्ही लेखक प्रत्यक्ष हजर होते, दोघांनाही आतलं माहीत आहे, आणि दोघंही ठामपणे बोलतात. आता प्रबंधात लिहायचं काय?

इतिहास, राज्यशास्त्र, संरक्षणशास्त्र यातलं काहीही निवडलंत तरी हा प्रश्न येणारच. पण सरकार आणि हिंसक संघटना यांच्यातल्या गुप्त बोलण्यांचा अभ्यास करायचा असेल, तर हा प्रश्न म्हणजेच तुमचा अभ्यास. कारण अशा बोलण्यांत दोन्ही बाजूंना एक सोय हवी असते: उद्या गरज पडली तर ‘असं काही घडलंच नाही’ म्हणता आलं पाहिजे. म्हणजे साधनं तयार होतानाच त्यांत नाकारण्याची जागा ठेवलेली असते.

आज आपण एकच प्रकरण नीट उलगडून बघू: १९९३ सालचा ब्रिटिश सरकार आणि आयआरए यांच्यातला गुप्त संपर्क. हे प्रकरण निवडण्याचं कारण साधं आहे. दोन्ही बाजूंनी आपापली कागदपत्रं छापली, ती जुळली नाहीत, आणि पुढच्या तीस वर्षांत नवी साधनं टप्प्याटप्प्याने बाहेर येत गेली. शिकायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात

उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं की आयर्लंड प्रजासत्ताकात जावं, यावरून १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे हिंसाचार चालू होता. ब्रिटिश राजवट शस्त्राच्या जोरावर संपवू पाहणारी मुख्य संघटना म्हणजे प्रोव्हिजनल आयआरए. तिच्या राजकीय बाजूला शिन फेन हा पक्ष. या बाजूच्या लोकांना रिपब्लिकन म्हणतात.

ब्रिटिश सरकारची जाहीर भूमिका कायम एकच होती: दहशतवाद्यांशी बोलणं नाही. प्रत्यक्षात मात्र जुलै १९७२ मध्येच मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी लंडनमधल्या एका खासगी घरात आयआरएच्या प्रतिनिधींची भेट घेतली होती. नंतर एक गुप्त वाट तयार झाली. ती डेरी शहरातले व्यावसायिक ब्रेंडन डडी यांच्यामार्फत जायची. डडी यांच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता. १९७५ ची शस्त्रसंधी, १९८१ चं तुरुंगातलं उपोषण आणि १९९३ ची बोलणी, या तिन्ही वेळी हीच वाट वापरली गेली. मधली अनेक वर्षं ती बंद पडलेली असायची. सामान्य लोकांना डडी यांचं हे काम कळलं ते २००८ मध्ये, पीटर टेलर या पत्रकाराच्या बीबीसीवरच्या माहितीपटातून.

नोव्हेंबर १९९३: एका महिन्यात काय काय झालं

१ नोव्हेंबरला पंतप्रधान जॉन मेजर संसदेत म्हणाले की जेरी ॲडम्स आणि आयआरएशी बसून बोलायचं म्हटलं तरी आपल्याला मळमळेल. गुप्त संपर्काच्या बातम्या येत होत्या, त्या सरकारी गोटातून ‘हेरकथेत शोभेल अशी कल्पना’ म्हणून उडवून लावल्या जात होत्या.

२८ नोव्हेंबरला ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने पुराव्यासकट बातमी छापली: संपर्क आहे आणि बरेच महिने चालू आहे. दुसऱ्याच दिवशी उत्तर आयर्लंडचे मंत्री पॅट्रिक मेह्यू यांना संसदेत निवेदन करावं लागलं. त्यांनी देवाणघेवाण झालेल्या संदेशांचा एक संच खासदारांसमोर ठेवला.

त्या संचातला सगळ्यात गाजलेला संदेश फेब्रुवारी १९९३ चा. सरकारच्या म्हणण्यानुसार तो मार्टिन मॅकगिनेस यांच्याकडून आला होता. आशय असा: संघर्ष संपला आहे, पण तो प्रत्यक्षात कसा संपवायचा यासाठी तुमचा सल्ला हवा.

मॅकगिनेस यांनी तत्काळ सांगितलं, असा संदेश मी कधीच पाठवलेला नाही. शिन फेनने स्वतःकडचा संच प्रसिद्ध केला. तो सरकारी संचाशी जुळत नव्हता. मग काही दिवसांतच सरकारला कबूल करावं लागलं की आपण ठेवलेल्या कागदांमध्ये २२ चुका आहेत. नकला करताना झालेल्या चुका, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. शिन फेनचं म्हणणं होतं की मजकूर मुद्दाम बदलला आहे.

आता तुम्ही त्या वेळचे संशोधक आहात असं समजा. एका बाजूला निवडून आलेलं सरकार, पण महिनाभर खोटं बोललेलं. दुसऱ्या बाजूला हिंसाचाराला पाठिंबा देणारी संघटना, जिला स्वतःच्या लोकांसमोर शरण गेल्यासारखं दिसणं परवडणारं नाही. कोणाचं घ्यायचं?

माझं उत्तर: हा प्रश्नच इतक्या लवकर विचारू नका.

पायरी पहिली: दाव्याचे तुकडे करा

‘शिन फेन खरं बोलत होती की सरकार?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात निदान चार वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. ते सोडवून घेऊ.

१. संपर्क होता का?
२. २३ मार्च १९९३ ला डेरीत प्रत्यक्ष भेट झाली का?
३. झाली असेल, तर त्या भेटीला सरकारची परवानगी होती का?
४. ‘संघर्ष संपला आहे’ हे शब्द कोणाचे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर २९ नोव्हेंबरलाच मिळालं. संपर्क होता, सरकारनेच मान्य केलं. आधीचे इन्कार खोटे ठरले.

दुसरा आणि तिसरा प्रश्न जास्त मजेशीर. शिन फेनचं म्हणणं होतं की २३ मार्चला ब्रिटिश सरकारचा एक प्रतिनिधी मॅकगिनेस आणि जेरी केली यांना भेटला, आणि त्या बोलण्याच्या नोंदी आपल्याकडे आहेत. तारीख लक्षात घ्या. २० मार्चला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात आयआरएच्या बॉम्बस्फोटात एका मुलाचा त्याच दिवशी मृत्यू झाला होता, आणि जखमी झालेला दुसरा मुलगाही पुढे दगावला. एक तीन वर्षांचा, दुसरा बारा वर्षांचा. अख्खा देश हादरला होता. अशा वेळी सरकारचा माणूस आयआरएच्या नेत्यांना भेटेल, हे पटण्यासारखं नव्हतं. सरकार म्हणत राहिलं की अशा कोणत्याही भेटीला आम्ही मान्यता दिलेली नव्हती.

कोण खोटं बोलत होतं? २०२३ मध्ये पीटर टेलर यांनी त्या गुप्तचर अधिकाऱ्याची हकिकत प्रसिद्ध केली. वॉरिंग्टननंतर वरिष्ठांनी भेट रद्द करायला सांगितलं होतं. तो तरीही गेला. हुकूम मोडून गेला.

म्हणजे भेट झाली, शिन फेनचं बरोबर. आणि परवानगी नव्हती, सरकारचंही बरोबर. तीस वर्षं लोक यातला एक खोटारडा शोधत होते, आणि या मुद्द्यावर दोघांचीही विधानं एकाच वेळी खरी निघाली. दाव्याचे तुकडे का करायचे, याचं याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

पायरी दुसरी: निरोप कोणत्या वाटेने आला ते काढा

आता चौथा प्रश्न. इथे आपल्याकडे दावा आहे आणि ठाम इन्कार आहे. यात लगेच बाजू घेण्याआधी निरोप कसा जात होता ते कागदावर मांडा.

मॅकगिनेस मध्यस्थांशी बोलतात. डडी आणि त्यांचे सहकारी ते ऐकून ब्रिटिश अधिकाऱ्याला सांगतात. तो अधिकारी आपल्या वरिष्ठांना कळवतो. तिथून ते मंत्र्यांकडे आणि पंतप्रधानांकडे जातं. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ऐकतं, समजून घेतं, आटोपशीर करतं आणि पुढे पाठवतं. बरंचसं तोंडी. म्हणजे सरकारच्या हातात शेवटी जो कागद येतो, तो पाठवणाऱ्याचं पत्र असतो की मधल्या कोणाचा सारांश, हे त्या कागदाकडे नुसतं बघून कळत नाही.

आणि मध्यस्थ म्हणजे टपाल खातं नव्हे. त्याला दोन्ही बाजू बोलत्या ठेवायच्या असतात. त्यासाठी तो एका बाजूचं कडक वाक्य दुसऱ्या बाजूला जरा मऊ करून सांगतो. हा अप्रामाणिकपणा आहे असं मला वाटत नाही. त्या कामाचा तो भागच आहे.

यात आणखी एक गोष्ट मिसळते: मुद्दाम ठेवलेली संदिग्धता. १९७५ च्या शस्त्रसंधीत याचं उत्तम उदाहरण आहे. ब्रिटिश अधिकारी माघारीचं आश्वासन देत नव्हते, पण तो विषयच संपला असंही म्हणत नव्हते. रिपब्लिकनांना त्यातून ब्रिटन निघायची तयारी करतंय असं ऐकू आलं. ब्रिटिश मंत्र्यांनी पुढे सांगितलं की आम्ही असं काहीही कबूल केलं नव्हतं. आता दोन्ही बाजूंची टिपणं शेजारी ठेवली तर ती जुळत नाहीत. पण म्हणून त्यातलं एक बनावट आहे असं होत नाही. एकच मोघम वाक्य दोघांनी आपापल्या गरजेप्रमाणे ऐकलं आणि तसंच लिहून ठेवलं.

इथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. गुप्त वाटाघाटींमध्ये दोन हकिकतींमधली विसंगती म्हणजे पुराव्यातला कचरा नाही. ती विसंगती स्वतःच पुरावा आहे. वाट कशी चालत होती, कोण काय ऐकायला उत्सुक होतं, कोणाला काय लपवायचं होतं, हे ती सांगते. विसंगती पुसून एक गुळगुळीत कहाणी तयार केलीत, तर सगळ्यात मोलाची माहिती तुम्हीच फेकून दिलेली असेल.

पायरी तिसरी: साधन कशाचा पुरावा आहे, ते बदलून पाहा

ही पायरी शिकायला वेळ लागतो, पण एकदा जमली की व्हायवापर्यंत साथ देते.

‘संघर्ष संपला आहे’ हा संदेश आयआरएच्या भूमिकेचा पुरावा म्हणून वापरायचा तर तो वादग्रस्त आहे. पण तोच संदेश ब्रिटिश सरकारची समजूत कशी बनली याचा पुरावा म्हणून घेतला, तर तो भक्कम आहे. कारण सरकारने तो खरा मानून हालचाल केली. मार्च १९९३ मध्ये आपली भूमिका सांगणारी नऊ परिच्छेदांची टिपणी त्याच वाटेने पाठवली. शब्द कोणाचेही असोत, त्यांचा परिणाम झाला.

प्रबंधात हे कसं लिहायचं, बघा.

कच्चं वाक्य: “फेब्रुवारी १९९३ मध्ये आयआरएने संघर्ष संपल्याचं ब्रिटिश सरकारला कळवलं.”

पक्कं वाक्य: “फेब्रुवारी १९९३ मध्ये एक संदेश आयआरएच्या नेतृत्वाकडून आला आहे असं समजून ब्रिटिश सरकारने तो स्वीकारला. तो पाठवल्याचं मॅकगिनेस यांनी नाकारलं. त्यामुळे प्रस्तुत प्रबंधात हा संदेश आयआरएच्या भूमिकेसाठी नव्हे, तर सरकारच्या आकलनासाठी पुरावा म्हणून वापरला आहे.”

दुसरं लांब आहे, मान्य. पण ते वाक्य कोणीही पाडू शकत नाही.

पायरी चौथी: लिहिलं कधी, कोणासाठी, आणि हातात कसं आलं

मराठ्यांच्या इतिहासाचा थोडा अभ्यास असेल तर हे तुम्हाला नवीन नाही. बखर आणि समकालीन कागद यांत फरक करायला राजवाड्यांनी शिकवलं. घटनेच्या दिवशी लिहिलेलं पत्र आणि बऱ्याच वर्षांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली बखर, दोघांचं वजन सारखं नाही. हीच साधनचिकित्सा इथेही लावायची. फक्त एक काळजी घ्या. समकालीन म्हणजे आपोआप विश्वसनीय, असं समीकरण करू नका.

१९८१ चं उपोषण घ्या. मेझ तुरुंगातल्या रिपब्लिकन कैद्यांनी १ मार्चला उपोषण सुरू केलं. ३ ऑक्टोबरला ते संपेपर्यंत दहा जण मेले होते. २१ मेपर्यंत चार, आणि ८ जुलैपासून पुढे सहा. २००५ मध्ये रिचर्ड ओरॉ यांनी पुस्तक लिहिलं. ते त्या वेळी तुरुंगात कैद्यांचे प्रसिद्धी अधिकारी होते. त्यांचा दावा असा की जुलैच्या सुरुवातीला, पाचव्या मृत्यूच्या आधी, सरकारकडून एक प्रस्ताव आला. तो आपण आणि कैद्यांचे प्रमुख ब्रेंडन मॅकफार्लेन यांनी स्वीकारण्याजोगा ठरवला, पण तुरुंगाबाहेरच्या नेतृत्वाने तो नाकारला. मॅकफार्लेन यांनी हे साफ नाकारलं.

इथे काय पणाला लागलं आहे, ते पाहा. ओरॉ बरोबर असतील तर शेवटचे सहा मृत्यू टाळता आले असते. त्या सहा जणांच्या घरच्यांसाठी हा काही अभ्यासवर्गातला वाद नाही.

साधनं काय आहेत? एक, ओरॉ यांची आठवण, २४ वर्षांनी लिहिलेली. दोन, मॅकफार्लेन यांचा इन्कार, तोही नंतरचा. तीन, कैद्यांनी सिगारेटच्या कागदावर बारीक अक्षरात लिहून बाहेर पाठवलेल्या चिठ्ठ्या. त्या अगदी समकालीन. पण १९८७ मध्ये डेव्हिड बेरेसफर्ड यांनी त्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या रिपब्लिकन चळवळीने त्यांना बघायला दिल्या होत्या. म्हणजे कागद कोणाच्या ताब्यात होते आणि दाखवले कोणी, हा प्रश्न उरतोच. चार, २०११ च्या अखेरीस तीस वर्षांच्या नियमाने खुले झालेले ब्रिटिश सरकारी कागद. त्यांत गुप्त वाटेने पाठवायच्या मजकुराचे मसुदे आहेत. पाच, डडी यांच्या स्वतःच्या नोंदी. त्यांचे कागद आता गॉलवे इथल्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत.

आता पुन्हा तुकडे करा. प्रस्ताव आला होता का? सरकारी कागद आणि मध्यस्थाच्या नोंदी, दोन स्वतंत्र ठिकाणची समकालीन साधनं ‘हो’ म्हणतात. हा तुकडा आता भक्कम आहे. पण तुरुंगातल्या दोन कोठड्यांमध्ये दोन माणसं एकमेकांना काय म्हणाली? ते लंडनच्या कुठल्याही फायलीत सापडणार नाही. अभिलेखागार उघडलं की सगळं उलगडेल, ही समजूत इथे तुटते. कागदाने एक थर सुटतो, दुसरा तसाच राहतो. प्रबंधात हे दोन थर वेगळे दाखवणं हेच तुमचं काम.

प्रत्येक साधनासाठी एक साधा तक्ता करा. वहीत केलात तरी चालेल. रकाने असे:

– घटना कधीची, लिहिलं कधी?
– लिहिणारा स्वतः तिथे होता की त्याला कोणी सांगितलं?
– कोणासाठी लिहिलं: वरिष्ठांसाठी, कार्यकर्त्यांसाठी, मतदारांसाठी, की स्वतःपुरतं?
– मूळ कागद आहे की नक्कल? (२२ चुका आठवा.)
– आज हा कागद आपल्यापर्यंत कसा आला? कोणी ठेवला, कोणी निवडला?
– हे सांगून लिहिणाऱ्याचा फायदा झाला की नुकसान?

शेवटचा रकाना विशेष महत्त्वाचा. स्वतःच्या बाजूला अडचणीत आणणारं विधान सहसा जास्त वजनाचं. हुकूम मोडल्याचं सांगणारा अधिकारी किंवा आपल्याच चळवळीच्या नेतृत्वावर बोट ठेवणारा माजी कैदी, यांचं बोलणं म्हणून नीट ऐकावं लागतं. पण इथेही थांबून विचारा: आज, इतक्या वर्षांनी, तेच विधान त्यांना अडचणीचं आहे का? काळ बदलला की फायद्या-तोट्याची गणितंही बदलतात. १९९३ मध्ये संपर्क मान्य करणं हा राजकीय धोका होता. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर ‘शांततेची वाट आम्हीच उघडली’ म्हणणं हा मान झाला.

चार सापळे

एक: टाळी एका हाताने वाजत नाही, म्हणून सत्य मध्ये कुठेतरी असणार. हे ऐकायला समतोल वाटतं, पण हा आळस आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘संपर्क आहे’ आणि ‘संपर्क नाही’ यांच्या मध्ये काहीही नव्हतं. एक विधान खरं होतं, दुसरं खोटं.

दोन: हेतू सापडला म्हणजे खोटेपणा सिद्ध झाला. मॅकगिनेस यांना इन्कार करण्याची गरज होती हे उघड आहे. आपल्याच लोकांपुढे ‘संघर्ष संपला’ म्हणणारा नेता टिकला नसता. पण सरकारलाही तो संदेश त्यांचाच असण्याची गरज होती, कारण तरच ‘त्यांनी हात पुढे केला, आम्ही दुर्लक्ष कसं करणार’ असं संसदेत म्हणता येत होतं. हेतू दोघांकडे आहे. हेतूवरून फक्त एवढंच कळतं की कुठे जास्त बारकाईने तपासायचं.

तीन: पाच पुस्तकांत आहे, म्हणजे पाच पुरावे. आधी तळटीपा उलटून बघा. पाचही पुस्तकं शेवटी त्याच एका सरकारी निवेदनावर जाऊन थांबत असतील, तर तुमच्याकडे पुरावा एकच आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ही चूक फार दिसते.

चार: नावं जशीच्या तशी उचलणं. एका साधनात ‘दहशतवादी’, दुसऱ्यात ‘स्वयंसेवक’, तिसऱ्यात ‘कैदी’. प्रत्येक शब्दात एक बाजू बसलेली असते. तुम्ही कोणता शब्द वापरणार आणि का, हे पहिल्या प्रकरणात एकदाच स्पष्ट करा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

आपल्याकडचा सराव

हे सगळं आयर्लंडपुरतं नाही. हात बसवायचा असेल तर दोन भारतीय प्रकरणं घ्या.

पहिलं, नागा वाटाघाटी. ३ ऑगस्ट २०१५ ला केंद्र सरकार आणि एनएससीएन (आयएम) यांच्यात एका प्राथमिक करारावर सह्या झाल्या. मजकूर जाहीर केला गेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये संघटनेने आपल्याकडची प्रत प्रसिद्ध केली आणि आरोप केला की सरकारचे वार्ताकार आर. एन. रवी यांनी इतरांना दिलेल्या प्रतीतून एक शब्द गाळला. तो शब्द म्हणजे ‘नवीन’. दोन पक्षांमधलं नातं ‘नवीन’ म्हटलं की ते दोन स्वतंत्र पक्षांचं नातं ठरतं, असा संघटनेचा अर्थ. एका विशेषणावर अख्खा करार अडतो, हे यातून दिसतं. आता वरचा तक्ता लावा: सही झालेली मूळ प्रत कोणाकडे, नकला कोणाकडे, प्रसिद्ध कोणी केली, आणि पाच वर्षांनीच का?

दुसरं, डिसेंबर १९९९ चं कंदाहार. विमान सोडवण्याच्या बदल्यात तिघा दहशतवाद्यांना सोडलं गेलं. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह, गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी आणि ‘रॉ’चे प्रमुख ए. एस. दुलत, तिघांचीही पुस्तकं उपलब्ध आहेत. कोणता निर्णय कोणाला कधी माहीत होता, एवढा एकच प्रश्न घेऊन ती शेजारी ठेवून वाचा. आणि प्रत्येक पुस्तक कोणत्या वर्षी आलं, तेव्हा लेखक राजकारणात कुठे होता, ते समासात लिहून ठेवा. चांगला टर्म पेपर होईल.

शेवटी, लिहिताना

निष्कर्ष लिहिताना तुमच्या खात्रीची पातळी शब्दांतून दिसू द्या, आणि ते शब्द आधी ठरवून घ्या. परस्परांशी संबंध नसलेली दोन समकालीन साधनं जुळत असतील तर ‘झालं’ लिहा. एकच प्रत्यक्षदर्शी असेल तर ‘अमुक यांच्या म्हणण्यानुसार’. दोन प्रत्यक्षदर्शी भिडत असतील तर दोघांचंही म्हणणं द्या, तुमचा कल कोणाकडे आहे ते सांगा, आणि कारण सांगा. शिवाय एक ओळ जोडा: उद्या कोणतं साधन हाती आलं तर माझं मत बदलेल? ही ओळ लिहिता आली नाही, तर समजा की तुम्ही पुरावा तोलत नव्हता, बाजू धरून बसला होता.

‘नक्की काय झालं ते अजून ठरलेलं नाही’ असं लिहायला विद्यार्थी घाबरतात. गाईडला वाटेल अभ्यास कमी पडला, परीक्षक ओरडतील, वगैरे. पण काय ठरलं, काय नाही, आणि का नाही, हे तिन्ही नेमकं सांगता आलं तर ती कमजोरी नाही. नायल ओ डॉहर्टी यांनी याच गुप्त वाटेवर अनेक वर्षं काम केलं, डडी यांचे कागद वापरले, आणि २०२१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. अशा कामाचं बळ दोन्ही बाजूंची टिपणं शेजारी ठेवून त्यांमधल्या फटीकडे बघत राहण्यात आहे.

मॅकगिनेस आणि डडी, दोघंही २०१७ मध्ये गेले. अशा विषयांत साक्षीदार संपत जातात. म्हणून तुमच्या विषयातली माणसं हयात असतील तर मुलाखतींचं वेळापत्रक आजच आखा, आणि जाताना वरचा तक्ता सोबत ठेवा. त्यांनी काय सांगितलं ते लिहाच, पण ते आज, तुम्हाला, का सांगितलं, हेही त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढच्या संशोधकासाठी तुमची वहीसुद्धा एक साधनच असणार आहे.